पठारावरच्या घराला पवनचक्की: चार महिन्यांच्या वाऱ्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यात, साधारण अकराशे मीटर उंचीच्या पठारावर तीन खोल्यांचं घर. विजेचा शेवटचा खांब दोन किलोमीटर खाली. नवरा-बायको आणि आई असे तिघंजण बारमाही राहणार. एका विक्रेत्याने गच्चीवर बसवायची १ किलोवॅटची पवनचक्की सुचवली आहे. पात्यांचा व्यास १.३ मीटर, आणि 'ताशी सात किलोमीटर वाऱ्यातही फिरते' अशी हमी. ती घ्यावी का, तिच्यावर घर चालेल का, आणि आईंची शंका अशी की रात्री आवाजाने झोप लागेल का?

ही चक्की घेऊ नका. मात्र पवनचक्कीच नको, असं मी म्हणत नाही. घाटमाथ्यावर तिचं काम आहे, पण ते चार महिन्यांचं आहे आणि उंच टॉवरवरच होतं. उरलेले आठ महिने घर उन्हावर चालवायचं. गेली बावीस वर्षं मी सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांत छोट्या चक्क्या उभ्या करतो, उतरवतो आणि जास्त करून दुरुस्त करतो. बिघडलेल्यांपैकी निम्म्या चक्क्या गच्चीवरच्या होत्या.

आधी त्या १ किलोवॅटचा समाचार घेऊ. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते: वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. तुमच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्के विरळ असते. तिथे सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण १५ वॅट असतात, ५ मीटरला सत्तरच्या आत, आणि १० मीटरला साडेपाचशेच्या आसपास. (हवामानाच्या अॅपमध्ये वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो, त्याला ३.६ ने भागा.) शिवाय वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेता येत नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं की कोणतीही चक्की ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. वारा पूर्ण अडवला तर मागून येणारा वारा बाजूने निघून जाईल, इतकं साधं कारण आहे. छोट्या चक्क्या प्रत्यक्षात २० ते ३० टक्के देतात.

आता पाती फिरताना होणारी १.३ मीटर व्यासाची चकती घ्या. क्षेत्रफळ भरतं सव्वा चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. विक्रेता १ किलोवॅटचा आकडा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याला सांगतो. समुद्रसपाटीची जड हवा धरली तरी त्या चकतीतून जाणाऱ्या वाऱ्यात एकूण १४०० वॅट आहेत. बेट्झची मर्यादा लावली की उरतात ८३३. म्हणजे देवाने स्वतः पाती घडवली तरी ही चक्की १ किलोवॅट देणार नाही. खरी देईल चारशेच्या आसपास, आणि तेही वादळी वाऱ्यात. आणि ताशी सात किलोमीटरला फिरण्याचं म्हणाल, तर तेवढ्या वाऱ्यात त्या अख्ख्या चकतीत मिळून पाचेक वॅट असतात. फिरेल हो, भिंगरीसुद्धा फिरते. बॅटरीत काही जाणार नाही.

म्हणून चक्की किलोवॅटवर घेऊ नका, व्यासावर घ्या. घरासाठी ३ मीटर व्यास हे माझ्या मते सर्वांत कामाचं माप आहे: चकती सात चौरस मीटरची, आणि दोघा-तिघांना हाताळता येईल असं वजन. महिन्याची सरासरी सेकंदाला ५ मीटर असेल, तर तिच्याकडून दिवसाला चार-साडेचार युनिट धरा. सरासरी ३ मीटरवर आली की जेमतेम एक युनिट. उभ्या आसाच्या, अंडं फेटायच्या रवीसारख्या दिसणाऱ्या चक्क्यांबद्दल विचाराल म्हणून आताच सांगतो: शोभेला छान. तेवढ्याच पैशात त्या कमी वीज देतात आणि बेअरिंग लवकर खातात.

तुमच्या घराचा खर्च मी असा मांडला. एलईडी दिवे सहा, रोज पाच तास: पाव युनिट. बीएलडीसी मोटरचे दोन पंखे, दहा तास: ०.६. एकदारी लहान फ्रिज: ०.८. लॅपटॉप आणि मोबाइल: ०.३. राउटर दिसायला छोटा, पण चोवीस तास चालू, म्हणून त्याचं पाव युनिट. मिक्सर ०.१. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप तासभर: ०.५. बेरीज पावणेतीनच्या घरात, आणि इन्व्हर्टर-बॅटरीत जाणारं धरून सव्वातीन युनिट. इस्त्री, गिझर आणि इंडक्शन यात नाही, आणि येऊही देऊ नका. साधा जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी तीसच्या आत चालतो. ही बचत कोणत्याही चक्कीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून पहिला खर्च तिथे करा.

आता ऋतूंचं. कोकणातून चढून आलेला नैऋत्येचा वारा जून ते ऑगस्ट घाटमाथ्यावर अक्षरशः झोडपतो. वनकुसवडे, चाळकेवाडी भागात मोठ्या पवनचक्क्यांची रांग उगाच नाही उभी राहिली. त्याच काळात ढग इतके उतरतात की दुपारी बारालाही घरात दिवा लागतो. आषाढात १ किलोवॅट पॅनेलला दिवसभरात एक युनिटसुद्धा न भरल्याच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. तेच पॅनेल मार्चमध्ये साडेचार युनिट देतं. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात कित्येक दिवस मोठ्या चक्क्यांचीही पाती थबकलेली दिसतात, पण आकाश मात्र धुतल्यासारखं निरभ्र. ऊन रुसतं तेव्हा वारा कमावतो आणि वारा बसतो तेव्हा ऊन. निसर्गाने अशी वाटणी मोजक्याच ठिकाणी केली आहे आणि तुमचं पठार त्यात बसतं. पुण्यात किंवा सोलापुरात राहून कोणी हाच प्रश्न विचारला असता तर मी 'पॅनेल घ्या आणि गप्प बसा' इतकंच लिहिलं असतं.

तेव्हा चक्की उभी करायची ती पावसाळ्यासाठी. आणि पावसाळ्यासाठी उभी करायची म्हणजे सगळ्यात वाईट हवेसाठी उभी करायची. बहुतेकांचं इथेच चुकतं.

जागा. पठाराच्या टोकाला उभं राहिलं की वारा तोंडावर आदळतो आणि माणूस ठरवून टाकतो की चक्की इथेच. तुमच्याच तालुक्यातला सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहिला असेल. कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो. ते नुसतं तमाशा म्हणून बघू नका, तो वारा काय करतोय ते बघा. कड्याला धडकून तो तिरका वर चढतो आणि काठाच्या लगेच मागे गुंडाळत खाली येतो. चक्कीला हवा असतो सपाट, एका दिशेने येणारा वारा. कड्यावर तिच्या चकतीच्या खालच्या भागाला वेगळा वारा लागतो, वरच्याला वेगळा, आणि तिला वाऱ्याकडे वळवणारं शेपूट दिवसभर तिचं डोकं हलवत राहतं. पाती मुळाशी तडकतात ती अशाच जागी. काठापासून चांगलं मागे या.

किती मागे, याला यंत्र लागत नाही, पतंग लागतो. मोठा, मजबूत पतंग घ्या आणि दोऱ्याला दर तीन मीटरवर हातभर रंगीत फीत बांधा. वारा वाहत असताना उडवा आणि फितींकडे बघा. वरच्या फिती ताठ आडव्या राहतात, खालच्या वेड्यासारख्या फडफडतात. फडफड जिथे थांबते, ती तुमच्या टॉवरची किमान उंची. काठावर, घराजवळ, झाडांजवळ असं तीन-चार जागी करा. पठारावरची झाडंही सांगतात: फांद्या पूर्वेकडेच वाढलेल्या आणि पश्चिमेची बाजू बोडकी असेल, तर तिथे वारा खरा आहे.

गच्चीवर का नाही, याचं उत्तर यातच आलं. घर स्वतःच वाऱ्यात खळबळ करतं आणि तुम्ही चक्की नेमकी त्या खळबळीत ठेवता. शिवाय तिची थरथर स्लॅबमधून खोलीत उतरते. नियम जुना आहे: शंभर मीटरच्या आत जे सर्वांत उंच असेल, घर किंवा झाड, त्याच्या वर पाती निदान दहा मीटर हवीत. तुमचं पठार उघडं असलं तरी १८ मीटर धरा. सहा मीटरवरून अठरावर गेलं की वारा साधारण पाव पटीने वाढतो. पाव म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण घन करून बघा: ताकद जवळजवळ दुप्पट होते. दुप्पट चक्की घेण्यापेक्षा उंच टॉवर स्वस्त पडतो आणि टिकतो. टॉवर, पाया, ताण (टॉवरला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा) आणि केबल यांचा खर्च चक्कीइतका किंवा जास्तच येतो, आणि तो तसाच यायला हवा. ज्या कोटेशनमध्ये चक्की महाग आणि टॉवर किरकोळ दिसतो, ते बाजूला ठेवा.

टॉवर आडवा घेता येईल असाच करा, जड सी क्लास पाइपचा, बुडाशी बिजागरीवर. काटकोनात एक आडवा पाइप जोडायचा, त्याच्या टोकाला दोर, आणि टिरफॉरने, म्हणजे हाताने चालवायच्या दोर ओढणाऱ्या यंत्राने, हळूहळू ओढायचं. ट्रॅक्टरने ओढू नका. एका ठिकाणी घाई होती म्हणून मी ट्रॅक्टर लावू दिला. ड्रायव्हरला मागे किती ताण आहे ते कळत नाही. टॉवर सरळ झाला तरी तो हातभर पुढे गेला, मागच्या ताणाचा शॅकल (जोडकडी) वाकला आणि चौदा मीटरचा पाइप आमच्या डोक्यावर एकदा डुलला. परत सरळ झाला म्हणून हे लिहितोय. टिरफॉरला दीड तास लागतो, पण हाताला ओझं कळतं.

ताण चारही दिशांना, प्रत्येक पातळीवर. जांभ्यात खड्डा खणून काँक्रीट भरण्यापेक्षा भोक पाडून त्यात सळई ग्राउट केलेली, म्हणजे पातळ सिमेंट ओतून घट्ट बसवलेली, चांगली, पण आधी दगड अखंड आहे का ते घण मारून आवाजावरून बघा. बद्द वाजला तर जागा बदला. तारेच्या दोरावर यू-क्लॅम्प लावताना खोगीर, म्हणजे खालची खाचेची बाजू, ओढ घेणाऱ्या दोरावर यायला हवं आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. दहातल्या चार जागी मी हे उलटं बघतो. उलटा बोल्ट कामाच्या दोरालाच चिरडतो. टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा स्क्रू, घट्ट करून झालं की त्याच्या पोटातून तार ओवून बांधा, नाहीतर थरथरीने ते स्वतःच उकलतं.

अर्थिंगकडे मुद्दाम लक्ष द्या. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो आणि वीज कडाडते ती नेमकी मे महिन्याच्या वळवात. टॉवरचं बूड आणि ताणांचे जमिनीतले चारही अँकर तांब्याच्या पट्टीने एकत्र जोडा. खड्डे खोल घ्या, कोळसा-मीठ भरा आणि एप्रिलपासून त्यांत पाणी घाला.

आता विजेचा भाग. इथे पॅनेलची सवय झालेला माणूस फसतो. पॅनेलची वायर काढली तर पॅनेल नुसतं उन्हात बसतं, तक्रार नाही. चक्कीचं तसं नाही. बॅटरी हेच तिचं ओझं आहे. बॅटरी सुटली की ती मोकळ्या बैलासारखी उधळते. फेरे वाढतात तसे व्होल्ट वाढतात. ४८ व्होल्टची चक्की दीडशेच्या वर सहज जाते.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत, जुलैमधल्या एका दुपारी बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आली होती. ती गरम पाण्याने धुवावी म्हणून मी केबल काढली. वर चक्की चालूच होती. चार-पाच सेकंद काही नाही, मग वरून बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि चक्की-बॅटरीमधल्या कंट्रोलरच्या जाळीतून धुराची एक सरळ रेघ आली. दाराबाहेरचा ब्रेक स्विच मारायला धावलो, पण तोवर पात्यांनी असा वेग घेतला होता की वायर शॉर्ट करूनही ती थांबेनात. कॉइल भाजून निघाली. चूक पूर्ण माझी.

तेव्हा क्रम पाठ करा: वारा पडलेला असताना ब्रेक, चक्की थांबल्याची डोळ्यांनी खात्री, मगच बॅटरीला हात. ब्रेक म्हणजे चक्कीच्या तिन्ही वायर एकमेकींना जोडणारा स्विच, तो वाऱ्याच्या झोतात वापरायचा नाही. झोतात चक्कीला वाचवतं तिचं शेपूट: वारा फार वाढला की तिरक्या बिजागरीवर शेपूट दुमडतं आणि पाती वाऱ्याला तिरकी होतात. घेताना ही सोय आहे का ते विचारा. 'इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहे' एवढंच उत्तर आलं तर पुढे जा.

बॅटरी भरल्यावर चक्की सोडायची नसते, म्हणून जास्तीची वीज जाळायला हीटर लागतो. त्याला आम्ही डंप लोड म्हणतो. त्याची क्षमता चक्कीच्या कमाल विजेपेक्षा जास्त हवी. गिझर हाच डंप लोड करावा असं प्रत्येकाला सुचतं. मलाही सुचलं होतं. पण पाणी तापलं की थर्मोस्टॅट बंद होतो आणि चक्की पुन्हा मोकळी! म्हणून हवेत उघडा राहणारा जाळीचा हीटर घ्या, पत्र्यावर, लाकडापासून दूर, भोवती पिंजरा घालून. पावसाळ्यात त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून वर दोरी बांधा. घाटमाथ्यावर आषाढात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. तुमच्या आईंना ही चक्की विजेपेक्षा याच कारणासाठी आवडेल.

लिथियम बॅटरी घेणार असाल तर आणखी एक सापळा आहे. तिच्या पोटातलं बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट), सेल भरले किंवा फार तापले की बॅटरी स्वतःच तोडून टाकतं. म्हणजे माझी ती जुलैची दुपार, फक्त आपोआप. सोळा सेलच्या बॅटरीत बीएमएस साधारण ५८.४ व्होल्टला तोडतं, म्हणून डंप लोड ५५ व्होल्टलाच सुरू होईल असा लावा. आणि डंप लोड लावणारा कंट्रोलर चक्कीच्या बाजूचे व्होल्ट बघणारा हवा, म्हणजे बॅटरी सुटली तरी तो ओझं धरून ठेवतो. हे ज्याला समजावून सांगता येत नाही, त्याच्याकडून लिथियम आणि चक्की एकत्र बसवून घेऊ नका.

व्होल्टेज ४८ च ठेवा. घर टॉवरपासून पन्नास मीटरवर आहे असं धरू, केबल १६ चौरस मिलिमीटर तांब्याची. एक किलोवॅट ४८ व्होल्टला नेताना वाटेत पन्नासेक वॅट जातात. तेच २४ व्होल्टला नेताना दोनशे. निम्म्या व्होल्टला करंट दुप्पट होतो आणि नुकसान चौपट.

देखभाल वर्षातून दोनदा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, वळवाच्या आधी, टॉवर आडवा. ३ मीटर व्यासाची चक्की मिनिटाला चारशे फेरे घेते तेव्हा पात्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जात असतं. त्या वेगाला पावसाचा थेंब छर्ऱ्यासारखा लागतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर पात्याच्या पुढच्या कडेवर बोट फिरवा, सँडपेपरसारखं लागेल. त्या कडेला जाड पॉलियुरेथेनची पट्टी चिकटवा आणि उखडली की बदला. एकाच पात्याची पट्टी सुटली तरी तोल जातो. दुसरी फेरी ऑक्टोबरात, परतीचा पाऊस ओसरल्यावर: नट, बेअरिंग, गंज. आणि कंट्रोलरची जाळी तपासा. कुंभारीण माशीला ती फार आवडते. हिवाळ्यात चक्की निवांत असताना ती आत मातीची घरटी करते आणि जूनमध्ये वारा सुरू झाला की पंखा अडकून कंट्रोलर तापतो. मी जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावतो.

घरात बारमाही माणूस नसेल तर मी चक्की बसवतच नाही. शनिवार-रविवारच्या घराला पॅनेल पुरे. तुम्ही तिघं तिथे राहणार आहात, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

माझा सल्ला क्रमाने: यंदा २ किलोवॅट पॅनेल, ४८ व्होल्टची बॅटरी, इन्व्हर्टर. त्याच वेळी टॉवरचे अँकर आणि जमिनीखालून केबलचा पाइप करून ठेवा, पुन्हा खणायला नको. जमीन अभयारण्याच्या हद्दीजवळ असेल तर खोदाईच्या आधी वन खात्याला विचारा. एक पावसाळा असाच काढा आणि रोज संध्याकाळी बॅटरीचा आकडा वहीत लिहा. पुढच्या मे महिन्यात वही बघून चक्की ठरवा. सप्टेंबर अखेरीला काही दिवस वाराही नसतो आणि ऊनही नसतं. त्यासाठी एक छोटा जनरेटर ठेवा, त्यात कमीपणा नाही. स्वतः चक्की बनवायचा उत्साह असेल तर स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांची पद्धत अभ्यासा. स्कोरेग या तारेची वीज न पोचलेल्या वस्तीत राहून त्यांनी लाकडी पाती आणि चुंबकांच्या सपाट चकत्यांची जी रचना घडवली, तिच्यावर जगभर हौशी लोकांनी चक्क्या बनवल्या आहेत. माझी पहिली चालणारी चक्कीही तशीच होती. लाकूड सागाचं वापरलं होतं, जरा जड पडलं.

राहिली आईंची शंका. पन्नास मीटरवर उंच टॉवरवरची चांगली चक्की भुर्र-भुर्र करते, पावसाच्या आणि वाऱ्याच्या आवाजाखाली ती दबून जाते. शेपूट दुमडताना मात्र थोडी धडधड होते. पहिले पंधरा दिवस झोप मोडेल. नंतर उलटं होतं. माझ्याकडे चक्की आहे त्या घरात मध्यरात्री आवाज एकदम बारीक झाला किंवा ताल चुकला की मी आणि बायको एकाच वेळी उठून बसतो, आणि टॉर्च घेऊन आधी कोण बाहेर जाणार यावर आमचा वाद होतो.